दारी आलेल्याचे स्वागत : खानदेशातील धर्मग्रामांसाठी मार्गदर्शक टिपण

रविवारच्या मिस्साबलिदानास एखादे अनोळखी कुटुंब येते, शेवटच्या बाकावर बसते, अंतिम आशीर्वाद होताच बाहेर पडते आणि पुन्हा दिसत नाही. मोठ्या शहरातील धर्मग्रामात ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येणार नाही. जळगाव व धुळे जिल्ह्यांत मात्र स्थिती निराळी आहे. येथे कॅथलिक समाज संख्येने अल्प आहे आणि चर्चमंदिरे एकमेकांपासून दूर आहेत. एका चर्चमध्ये आपलेपणा लाभला नाही, तर त्या कुटुंबास जवळपास दुसरे चर्च सापडत नाही. असे कुटुंब प्रथम मिस्सापासून, मग संस्कारांपासून आणि अखेरीस श्रद्धाजीवनापासूनच दूर जाऊ शकते. म्हणून चर्चमध्ये येणाऱ्याचे स्वागत कसे करावे आणि त्याला पुन्हा यावेसे कसे वाटेल, याचा विचार खानदेशातील प्रत्येक धर्मग्रामाने गांभीर्याने करणे अगत्याचे आहे. या लेखात त्या विचाराची बैठक आणि प्रत्यक्ष आचरणाच्या काही सूचना एकत्र मांडल्या आहेत.

खानदेश आणि येथे येणारी माणसे

ब्रिटिश राजवटीत १९०६ साली जुन्या खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव जिल्हा. पश्चिम खानदेश म्हणजे धुळे जिल्हा, ज्यातून १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. कॅथलिक धर्मसभेच्या रचनेत हा प्रदेश नाशिक धर्मप्रांतात मोडतो. हा धर्मप्रांत १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला आणि महागुरुस्वामी थॉमस भालेराव हे त्याचे पहिले महागुरू झाले.

खानदेश हा पूर्वापार वाटसरूंचा प्रदेश आहे. भुसावळ हे मध्य रेल्वेचे मोठे जंक्शन व विभागीय मुख्यालय आहे. धुळे शहरापाशी मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांस छेदतात. भुसावळ व वरणगाव येथे आयुधनिर्माणी आहेत, दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे आणि जळगावला १९९० साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे, जे २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. नोकरी, बदली, शिक्षण आणि प्रवास या निमित्तांनी येथे सतत नवी माणसे येतात. त्यांत गोव्याचे, वसईचे, मंगळुरूचे, केरळचे, तमिळनाडूचे, छोटा नागपूरचे आणि नगर जिल्ह्यातील गावांतले कॅथलिकही असतात.

आपल्या चर्चच्या दारी येणाऱ्यांचे ढोबळमानाने पाच गट करता येतील.

१. बदली होऊन आलेली कॅथलिक कुटुंबे : रेल्वे, बँका, संरक्षण खाते, वीजकेंद्र यांतील कर्मचारी. यांच्यापैकी अनेकांना मराठी नीट येत नाही.

२. विद्यार्थी व परिचारिका : घरापासून प्रथमच दूर राहणारी तरुण मुलेमुली. एकटेपणा सर्वाधिक यांच्याच वाट्याला येतो.

३. सातपुड्यातील आदिवासी बांधव : पावरा, भिल्ल, गावित समाजांतील माणसे. कोणी शिक्षणासाठी, कोणी हंगामी मजुरीसाठी शहरात उतरलेले असतात.

४. इतर ख्रिस्ती मंडळ्यांचे सभासद : खानदेशात २०व्या शतकाच्या प्रारंभापासून अलायन्स परंपरेच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मोठे कार्य केले आहे. येथील अनेक मराठी ख्रिस्ती घराणी त्याच मंडळ्यांतील आहेत. विवाह, अंत्यविधी किंवा नाताळ यानिमित्त ती आपल्या चर्चमध्ये येतात.

५. अन्य धर्मीय शेजारी व मित्र : नाताळच्या रात्री गोठा पाहण्यासाठी, मुलांच्या शाळेच्या निमित्ताने किंवा मनातील एखादे दुःख घेऊन शांत बसण्यासाठी येणारे.

या पाचही गटांच्या गरजा वेगवेगळ्या आहेत. सर्वांना एकच ठरावीक वागणूक दिल्यास कोणाचेच खरे स्वागत होत नाही.

पवित्र शास्त्राची शिकवण

उत्पत्तीच्या १८व्या अध्यायात मम्रेच्या झाडांपाशी भर दुपारी बसलेला अब्राहाम तीन अनोळखी पुरुषांस पाहून धावत पुढे जातो. पाय धुण्यास पाणी, सावलीत विश्रांती आणि मग भोजन असा त्याच्या आतिथ्याचा क्रम आहे. पाहुणे कोण आहेत, हे त्याने आधी विचारलेले नाही. इब्री लोकांस पत्राच्या १३व्या अध्यायात याच प्रसंगाची आठवण ठेवून अतिथिप्रेमाचा उपदेश केलेला आहे. खानदेशातील उन्हाळा ज्याने अनुभवला आहे, त्याला अब्राहामाच्या पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील ७वा अध्याय आपल्याला दुसरी बाजू दाखवतो. शिमोन नावाच्या परुश्याने प्रभू येशूला भोजनास बोलावले, परंतु पाय धुण्यास पाणी दिले नाही, अभिवंदनही केले नाही. आमंत्रण होते, मात्र आपुलकी नव्हती. प्रभूने ही उणीव स्पष्ट शब्दांत दाखवून दिली. 'सर्वांचे स्वागत आहे' असा फलक दारावर लावून आत आलेल्याकडे कोणीच वळून न पाहणे हे शिमोनाच्या आतिथ्यासारखेच आहे.

याकोबाच्या पत्राचा २रा अध्याय तर उपासनेच्या सभेविषयीच बोलतो. सोन्याची अंगठी घातलेल्या माणसास मानाची जागा आणि मळक्या वस्त्रांतील गरिबास उभे राहण्याची किंवा पायाशी बसण्याची आज्ञा, असा भेदभाव प्रेषित निक्षून धिक्कारतो. मत्तयच्या २५व्या अध्यायात प्रभू स्वतःस परक्याच्या जागी ठेवतो. आणि अम्माऊसच्या वाटेवर तर दोन शिष्यांनी आग्रहाने घरी आणलेला परका वाटसरूच भाकर मोडताना प्रभू म्हणून ओळखला जातो.

धर्मसभेची शिकवण व नियम

संत बेनेदिक्त यांनी ६व्या शतकात आपल्या मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या ५३व्या प्रकरणात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचा स्वीकार साक्षात ख्रिस्त म्हणून करावा आणि गरीब व यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्यावी, असे सांगितले आहे. श्रीमंताचा मान त्याच्या दबदब्यामुळे आपोआपच राखला जातो, ही व्यवहारी जाणीवही तेथे आहे.

रोमन मिस्सा ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतील १०५व्या परिच्छेदात उपासनेतील विविध सेवांची यादी आहे. चर्चच्या दारात श्रद्धावंतांचे स्वागत करून त्यांना योग्य जागी नेणारे सेवक त्या यादीत आहेत. म्हणजेच दारात उभे राहणे ही वाचक किंवा गायकवृंदाप्रमाणेच उपासनेची एक सेवा आहे.

१९८३च्या धर्मसभा-विधिसंहितेतील काही कलमे प्रत्येक धर्मग्रामसमितीने जाणून घ्यावीत अशी आहेत. कलम १२२१ प्रमाणे पवित्र विधीच्या वेळी चर्चमध्ये प्रवेश सर्वांना खुला व विनामूल्य असला पाहिजे. कलम ९३७ प्रमाणे, जेथे पवित्र ख्रिस्तशरीर राखून ठेवलेले असते ते चर्च, गंभीर अडचण नसल्यास, दररोज निदान काही तास प्रार्थनेसाठी उघडे असावे. कलम ५२९ धर्मगुरूंना कुटुंबांच्या भेटी घेण्याची आणि गरीब, एकाकी व आपल्या प्रदेशापासून दुरावलेल्या लोकांकडे विशेष लक्ष देण्याची आठवण करून देते.

बदलीच्या लोकांच्या दृष्टीने कलम १०२ व १०७ अत्यंत महत्त्वाची आहेत. एखाद्या ठिकाणी निदान तीन महिने राहण्याच्या हेतूने जो कॅथलिक येतो, त्याचा तेथे निवास मानला जातो आणि तेथील धर्मगुरू हे त्याचे धर्मगुरू होतात. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत कालच सामान उतरवलेले कुटुंब किंवा जळगावात वसतिगृहात राहणारी विद्यार्थिनी ही या अर्थाने आपली पाहुणी नाहीच. तिचा या चर्चवर आपल्याइतकाच अधिकार आहे. 'बाहेरचे' हा शब्द आपण कोणासाठी वापरतो, याचा विचार या कलमांच्या प्रकाशात करावा.

परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या 'एव्हांजेली गाउदियुम' या प्रबोधनपत्रात धर्मसभा हे पित्याचे सदैव उघडे असलेले घर व्हावे आणि याची खूण म्हणून चर्चची दारेही उघडी असावीत, अशी अपेक्षा व्यक्त केली. कोणी देवाच्या शोधात तेथवर आला, तर त्याला बंद दार दिसू नये, हा त्यामागील हेतू आहे.

दारापासून वेदीपर्यंत : काही सूचना

*फलक व माहिती.* मिस्साच्या वेळा, भाषा आणि धर्मगुरूंच्या कार्यालयाची वेळ फाटकाबाहेर, रस्त्यावरून वाचता येईल अशा ठिकाणी मराठीत व इंग्रजीत लिहावी. वेळ बदलल्यास फलक त्याच दिवशी बदलावा. महामार्गावरून आलेला प्रवासी जुनी वेळ वाचून बंद दारापाशी उभा राहतो, तेव्हा त्याचे चर्चशी असलेले नाते तेथेच थांबते.

*पादत्राणे.* मराठी माणूस देवळात व घरात चपला बाहेर काढतो. आपल्या काही चर्चमध्ये बाके असून लोक चपला घालूनच आत जातात. काही ठिकाणी सतरंजीवर बसण्याची पद्धत असून चपला बाहेर काढल्या जातात. २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतातील उपासनेसाठी मान्य केलेल्या बारा अनुकूलनांत पादत्राणे काढणे, जमिनीवर बसणे, अंजलीबद्ध नमस्कार व आरती यांचा समावेश आहे. आपल्या चर्चमध्ये कोणती पद्धत आहे, हे नवख्याला दारातच सौम्य शब्दांत सांगावे. दोन्ही पद्धती आदराच्याच आहेत, हेही सांगावे.

*जागा.* नवा माणूस बहुधा मागे बसतो. त्याला ओढून पुढच्या रांगेत नेऊ नये. मधल्या रांगेत, नेहमी येणाऱ्या एखाद्या कुटुंबाशेजारी जागा सुचवावी म्हणजे उठणे, बसणे, गुडघे टेकणे यांत त्याला सोबत होते. काही गावांतील चर्चमध्ये स्त्रिया व पुरुष वेगळ्या बाजूंस बसतात. तेथे नव्या दांपत्याला एकत्र बसण्याची मोकळीक असावी. ठरलेल्या बाकांवर वर्षानुवर्षे बसणाऱ्यांनी 'ही आमची जागा' असे शब्द कधीही उच्चारू नयेत.

*पाणी व सावली.* एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो. पवित्र आठवड्यातील विधी अनेकदा याच दिवसांत येतात. दारापाशी स्वच्छ पाण्याचा माठ व पेला, वृद्धांसाठी दोन खुर्च्या आणि स्वच्छतागृहाकडे जाणारा बाणदर्शक फलक या तीन गोष्टींचा खर्च फार नाही. अपंग व्यक्तींसाठी एका पायरीवर तरी उतरण असावी.

*पुस्तक व भाषा.* गीतपुस्तक उघडून, पान काढून हातात द्यावे. मराठी न येणाऱ्यासाठी त्या दिवसाच्या वाचनांचे संदर्भ इंग्रजीत कागदावर लिहून ठेवावेत. त्याला आपल्या मोबाईलवर ती वाचता येतात. महिन्यातून एकदा विश्वासू जनांच्या प्रार्थनेतील एखादी प्रार्थना हिंदी, मल्याळम, कोकणी किंवा पावरी भाषेत झाली, तर ती भाषा बोलणाऱ्याला आपण येथे मोजले गेलो, असे वाटते. गावाकडून आलेल्या वृद्धेला अहिराणीत नुसते 'या, बठा' म्हटले, तरी तिचा अवघडलेपणा निम्मा कमी होतो.

*संबोधन.* बाजारात मजुराला व आदिवासी माणसाला सर्रास एकेरी हाक मारली जाते. चर्चच्या आवारात ही सवय पूर्णतः सोडावी. वयाप्रमाणे काका, मावशी, दादा, ताई म्हणावे आणि 'तुम्ही' म्हणूनच बोलावे.

'ख्रिस्तप्रसाद' या शब्दाविषयी

पवित्र कम्युनियनला आपण मराठीत 'ख्रिस्तप्रसाद' म्हणतो. हा शब्द अर्थपूर्ण आहे, परंतु अन्य धर्मीय पाहुण्याच्या मनात 'प्रसाद' या शब्दाचा ठरलेला अर्थ असतो. प्रसाद सर्वांना मिळतो, तो नाकारणे हा देवाचा व यजमानाचा अपमान समजला जातो आणि तो घरच्यांसाठी पदरात बांधून नेण्याचीही रीत आहे. म्हणून असा पाहुणा श्रद्धेनेच रांगेत उभा राहतो. वेदीपाशी पोचल्यावर त्याला सर्वांदेखत परत पाठवले, तर तो अपमानित होतो. न विचारता दिले, तर पवित्र संस्काराचा मान राखला जात नाही. दोष येथे पाहुण्याचा नसतो. त्याला वेळेवर काही सांगितले गेलेले नसते.

यावर उपाय सोपा आहे. नाताळ, पास्का, विवाह व अंत्यविधी अशा प्रसंगी, जेथे अन्य धर्मीय व इतर मंडळ्यांचे बांधव हमखास असतात, कम्युनियनपूर्वी शांत आवाजात निवेदन करावे. त्याचा आशय असा असावा : हा आमच्या श्रद्धेतील अत्यंत पवित्र संस्कार असून योग्य तयारी केलेले कॅथलिक श्रद्धावंत तो स्वीकारतील. इतर सर्व बंधुभगिनींनी आपल्या जागी बसून आमच्यासह प्रार्थना करावी. त्यांच्या उपस्थितीबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. निवेदनात 'मनाई' हा शब्द टाळावा. काही ठिकाणी धर्मगुरू विधीनंतर सर्वांसाठी प्रार्थना करून आशीर्वाद देतात किंवा दारापाशी सर्वांना केक अथवा पेढा वाटला जातो. त्यामुळे कोणीही रिकाम्या हाताने परतत नाही आणि संस्काराचे वेगळेपणही टिकते.

प्रोटेस्टंट बांधवांच्या बाबतीत अधिक नाजूकपणा हवा. तेही बाप्तिस्मा झालेले ख्रिस्ती आहेत आणि त्यांच्या मंडळीत ते प्रभुभोजन घेत असतात. त्यांना धर्मसभेचा नियम आधी, एकांतात व आदराने समजावून सांगावा. विवाहप्रसंगी ही जबाबदारी वधूवरांच्या कॅथलिक नातेवाइकांनी घ्यावी.

दानाच्या थैलीबाबतही असेच आहे. नवख्यापुढे थैली धरून थांबू नये. ती सहज पुढे सरकू द्यावी.

काय टाळावे

स्वागताच्या उत्साहात काही चुका वारंवार घडतात. त्यांची नोंद येथे करणे आवश्यक आहे.

१. आडनावाची चौकशी. 'तुमचे आडनाव काय, मूळ गाव कोणते, कोणाच्यातले?' हे प्रश्न महाराष्ट्रात बहुतेक वेळा जातीच्या शोधासाठी विचारले जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. ज्या माणसाच्या आजोबांनी किंवा पणजोबांनी ख्रिस्तात समानता शोधली, त्याच्या नातवाला चर्चच्या दारात पुन्हा तोच प्रश्न ऐकावा लागणे ही गंभीर जखम आहे. पहिल्या भेटीत नाव पुरेसे आहे. याकोबाने ज्या भेदभावाचा धिक्कार केला, त्याचे आपल्याकडील रूप हेच आहे.

२. सर्वांसमोर उभे करणे. मिस्साच्या शेवटी नव्या लोकांना उभे करून टाळ्या वाजवण्याची पद्धत काहींना आवडते, परंतु लाजाळू माणसास, विधवेस किंवा एकट्या तरुणीस ती नकोशी होते. आधी विचारून संमती घ्यावी.

३. खाजगी प्रश्न. लग्न, मूलबाळ, पगार, पती कोठे आहे, इतके दिवस चर्चला का आला नाहीत, हे प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नयेत. पुष्कळ वर्षांनी परतलेल्या माणसाला या शेवटच्या प्रश्नाचीच भीती असते.

४. मानाची वेगळी वागणूक. अधिकाऱ्यास खुर्ची आणि मजुरास पायरी, असे घडू देऊ नये.

५. आपसांतील घोळके. गोवेकर गोवेकरांशी, मल्याळी मल्याळींशी आणि जुनी मराठी कुटुंबे एकमेकांशी बोलत उभी राहतात. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. आठवड्याने भेटलेल्या माणसांना बोलायचे असतेच. परंतु लहान धर्मग्रामात सगळेच एकमेकांना इतके ओळखत असतात, की न ओळखणाऱ्याला तो एकटाच वेगळा असल्याचे लगेच जाणवते. मिस्सा संपल्यावरची पहिली पाच मिनिटे अनोळखी माणसांसाठी राखून ठेवावीत, मग आपल्या माणसांशी बोलावे.

अन्य धर्मीयांचे स्वागत : प्रेम, आमिष नव्हे

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्रात इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते धर्मसभा नाकारत नाही, अशी भूमिका घेतली. ७ डिसेंबर १९६५च्या 'दिग्नितातिस हुमाने' या घोषणापत्रात श्रद्धेच्या प्रसारात सक्ती किंवा अप्रामाणिक प्रलोभन यांचा लेशही नसावा, विशेषतः गरीब व अशिक्षित लोकांच्या बाबतीत, असे बजावले. भारतीय संविधानाचा २५वा अनुच्छेद प्रत्येक व्यक्तीस सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देतो.

यातून आपल्या आचरणाची रेषा स्पष्ट होते. चर्चमध्ये आलेल्या अन्य धर्मीयाचे स्वागत करताना त्याने काही बदलावे, अशी अपेक्षा बाळगू नये. त्याच्या अडचणीत केलेल्या मदतीस कोणतीही अट नसावी. त्याने आपणहून श्रद्धेविषयी विचारले, तर नम्रतेने व प्रामाणिकपणे उत्तर द्यावे आणि अधिक जाणून घ्यायचे असल्यास धर्मगुरूंकडे न्यावे. त्याची छायाचित्रे काढून ती समाजमाध्यमांवर टाकू नयेत. सध्याच्या संशयाच्या वातावरणात अशा एका छायाचित्राने त्याला व धर्मग्रामाला अकारण त्रास होऊ शकतो.

आपल्याच धर्मप्रांतात याची उत्तम उदाहरणे आहेत. नाशिकरोड येथील बाळ येशूच्या यात्रेस दरवर्षी फेब्रुवारीत आणि अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हरेगाव येथील मतमाऊलीच्या सप्टेंबरमधील यात्रेस कॅथलिकांबरोबरच अन्य धर्मीय भाविकही मोठ्या संख्येने येतात. तेथे कोणी कोणाचा धर्म विचारत नाही. पिण्याचे पाणी, रांगेची शिस्त, बसण्यास सावली आणि प्रार्थनेस शांत जागा यांची व्यवस्था सर्वांसाठी एकच असते. यात्रेला साधते ते लहान चर्चला रविवारी साधणे अवघड नाही.

पुन्हा येण्यासाठी

पहिल्या भेटीत माणूस चर्च पाहतो. दुसऱ्या भेटीत आपली आठवण कोणी ठेवली का, हे पाहतो. म्हणून पुढील गोष्टी उपयुक्त ठरतात.

नाव लक्षात ठेवणे. स्वागत करणाऱ्याने मिस्सानंतर नाव व वस्ती वहीत टिपून ठेवावी आणि पुढच्या रविवारी त्याच नावाने हाक मारावी. दूरध्वनी क्रमांक संमतीनेच घ्यावा आणि तो कोणत्याही समूहात न विचारता टाकू नये.

चहा. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर चहा ठेवावा. खानदेशात ओळख होते ती चहाच्या कपाबरोबरच. पाळीपाळीने एकेका वस्तीने ही जबाबदारी घेतल्यास कोणावर भार पडत नाही.

घरभेट. नव्या कॅथलिक कुटुंबाला आधी विचारून, दोन आठवड्यांच्या आत लघु ख्रिस्ती समूहातील दोन जणांनी भेट द्यावी. शाळा, दवाखाना, किराणा, घरकामाची बाई अशा नव्या गावातील साध्या गोष्टींत मदत करावी. भरताच्या वांग्यांच्या हंगामात भरीत-भाकरीचे एक जेवण शंभर भाषणांहून अधिक काम करते.

नोंदणी. बदलीच्या कुटुंबास धर्मग्रामाच्या नोंदवहीत लवकर नाव नोंदवण्यास सुचवावे. मुलांचा पहिला ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण किंवा विवाह यांसाठी बाप्तिस्म्याचा दाखला मूळ धर्मग्रामातून मागवावा लागतो. ती कागदपत्रे कशी मागवायची, हे आधीच समजावल्यास ऐनवेळी धावपळ होत नाही. तसेच आपल्या येथून बदलून जाणाऱ्या कुटुंबाच्या नव्या गावातील धर्मगुरूंना आपल्या धर्मगुरूंनी कळवावे. निरोप देणे हेही स्वागताचेच दुसरे टोक आहे.

काम सोपवणे. नुसते पाहुणे म्हणून ठेवलेले माणूस कायम पाहुणेच राहते. गायन, वाचन, धर्मशिक्षणाचा वर्ग, नाताळचा गोठा, स्वच्छता यांपैकी एखादे लहान काम दोन-तीन महिन्यांत सोपवावे. पाच-सहा वर्षांनी बदलून जाणाऱ्या माणसावर काम कशाला सोपवावे, असा विचार काही जुनी मंडळी करतात. परंतु ती पाच-सहा वर्षे त्या कुटुंबातील मुलांच्या श्रद्धेच्या जडणघडणीची असतात.

वाचनसाहित्य. दाराजवळच्या टेबलावर प्रार्थनेची पुस्तिका, धर्मप्रांताचे वार्तापत्र आणि मराठी कॅथलिक नियतकालिकांचे जुने अंक ठेवावेत. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या येशूसंघीय धर्मगुरूंनी सुरू केलेल्या 'निरोप्या' मासिकाने मराठी कॅथलिकांना दूरच्या गावांतही एकमेकांशी जोडून ठेवले आहे. अशा अंकांतून नव्या माणसास या समाजाची ओळख होते.

स्वागत-सेवेची उभारणी

हे सर्व धर्मगुरूंनी एकट्याने करावे, अशी अपेक्षा बाळगू नये. एकाच धर्मगुरूंवर अनेक गावांची जबाबदारी असते आणि मिस्सा संपताच त्यांना पुढच्या गावी निघावे लागते. प्रापंचिकांनीच ही सेवा उचलावी. पुढील रचना लहान धर्मग्रामासही पेलणारी आहे.

१. धर्मग्रामसमितीने सहा जण निवडावेत : दोन पुरुष, दोन स्त्रिया, दोन तरुण. त्यांत निदान एकाला हिंदी-इंग्रजी आणि एकाला अहिराणी किंवा सातपुड्यातील एखादी भाषा यावी.

२. दर रविवारी दोघांनी मिस्सापूर्वी वीस मिनिटे दारात उभे राहावे आणि मिस्सानंतर शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबावे.

३. नमस्कार हाच अभिवादनाचा प्रकार असावा. हस्तांदोलन समोरच्याने हात पुढे केल्यासच करावे.

४. मुलांच्या सुरक्षेविषयी धर्मप्रांताच्या सूचना या सेवकांना ठाऊक असाव्यात. अनोळखी मुलास एकट्याने कोठेही नेऊ नये.

५. दर तीन महिन्यांनी सर्वांनी एकत्र बसून वही पाहावी. कोण नवे आले, कोण पुन्हा आले, कोण दिसेनासे झाले, हे तपासावे. दिसेनाशा झालेल्यांची विचारपूस करावी. दोष देण्याचा सूर त्यात नसावा.

६. वर्षातून एकदा आपल्यातीलच कोणी नव्याने आलेल्या कुटुंबास विचारावे : येथे येताना काय कठीण गेले? मिळालेले उत्तर मनमोकळेपणाने ऐकून घ्यावे. सुधारणेची सर्वांत खरी यादी तीच असते.

समारोप

खानदेशातील आपल्या बहुतेक धर्मग्रामांचा इतिहास हा कोठून तरी आलेल्या माणसांचाच इतिहास आहे. कोणाचे आजोबा रेल्वेबरोबर आले, कोणाची आई परिचारिका म्हणून आली, कोणाचे कुटुंब डोंगर उतरून आले, तर आपल्याला श्रद्धा देणारे मिशनरी समुद्र ओलांडून आले. त्या प्रत्येकासाठी कोणीतरी, केव्हातरी दार उघडले होते. संत पौलाने रोमच्या मंडळीला जी आठवण करून दिली, ती आपल्यालाही लागू आहे : ख्रिस्ताने आपला स्वीकार केला, तसाच आपण एकमेकांचा स्वीकार करावा. येत्या रविवारी आपल्या शेजारच्या बाकावर कोणी अनोळखी बसलेले असेल, तर मिस्सा संपताच त्यांना नमस्कार करून आपले नाव सांगावे. एवढ्यानेही या सेवेचा आरंभ होतो. प्रभू आपल्या सर्व धर्मग्रामांना अतिथिप्रेमाचे वरदान देवो.